आईची सिटिझनशिपची मुलाखत तीन आठवड्यांवर – तयारी कशी करून घ्यावी?

मुक्ता_के
नमस्कार मंडळी,

आईच्या अमेरिकन सिटिझनशिपच्या मुलाखतीचं पत्र आलंय आणि हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. अर्ज (एन-४००) गेल्या नोव्हेंबरात ऑनलाइन भरला होता. जो तो सांगत होता की नंबर लागायला वर्ष तरी जाईल. कसलं काय!

आई ६६ वर्षांची, ग्रीन कार्डला सात वर्षं झाली. पोस्टातून निवृत्त, शिक्षण मराठी माध्यमात. इंग्रजी वाचता येतं, समोरचा सावकाश बोलला तर कळतंही. पण उत्तर द्यायची वेळ आली की ती माझ्या तोंडाकडे बघते. मी आणि नवरा दोघंही नोकरीवर, त्यामुळे अभ्यास घ्यायला संध्याकाळचा तासभर आणि शनिवार-रविवार, एवढंच.

विचारायचं असं की नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची नक्की कोणती यादी करायची? व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी १०० प्रश्नांची पीडीएफ पाठवतं, कोणी १२८ ची. आणि एवढ्या कमी वेळात आधी काय हातात घ्यावं? प्रश्नोत्तरं, वाचन-लेखन की बोलणं? ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांची तयारी करून घेतलीय त्यांनी जरूर लिहा.

डबा_ऐसपैस
जे नागरिकशास्त्र आयुष्यभर ऑप्शनला टाकलं ते म्हातारपणी अमेरिकेत येऊन गाठतं ते असं. सतरंजी टाकून बसलोय, चालू द्या.

अटकेपार
यादीचा घोळ अर्जाच्या तारखेवरून सुटतो. २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर एन-४०० भरला असेल तर नवी परीक्षा, म्हणजे १२८ प्रश्नांची यादी. त्याआधी भरला असेल तर जुनी १०० ची. मुलाखत कधी आहे याच्याशी काही संबंध नाही. तुमचा नोव्हेंबरचा, म्हणजे १२८.

जुन्या परीक्षेत १० पर्यंत प्रश्न विचारायचे आणि ६ बरोबर लागायचे. नव्या परीक्षेत २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर लागतात. १२ झाले की अधिकारी तिथेच थांबतो. ९ चुकले तरी तिथेच थांबतो. सगळं तोंडी, पर्यायबिर्याय काही नाही. पीडीएफ यूएससीआयएसच्या (म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवरूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवाल्या सगळ्या उडवून टाका.

सुमेध_वा
मुक्ता, एवढं टेन्शन कशाला? ६५ च्या वरच्यांना सवलत असते. त्यांना २० च प्रश्न करायचे असतात, बाकीच्यांवर फुली मारायची. माझ्या काकांचं तसंच झालं होतं.

अटकेपार
@सुमेध, अर्धवट माहिती आहे ही. वय ६५ आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, दोन्ही हवं, तेही अर्ज भरताना. तुमचे काका इथे जुने असणार. त्या गटाला २० ठरावीक प्रश्नांतले १० विचारतात, ६ आले की पास. मुक्ताच्या आईंना ते लागू नाही.

गोदाकाठ
इंग्रजीची सूटही तशीच. वय ५० आणि ग्रीन कार्ड २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजीची परीक्षाच नाही, नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाषा नेऊन मराठीत देता येतात. सात वर्षांत काही बसत नाही. काकूंना पूर्ण परीक्षा द्यावी लागणार, हे आधीच नीट समजून घेतलेलं बरं. आमच्याकडे एका ओळखीच्या आजोबांना कोणीतरी "तुम्हाला मराठीत चालेल" असं ठणकावून सांगितलं होतं. ते कोरी पाटी घेऊन गेले आणि पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आले.

ठसका
सरळ डॉक्टरकडून एन-६४८ (परीक्षेतून सूट मागायचा फॉर्म) लिहून आणा, विसरभोळेपणा वगैरे. इंग्रजी नाही, प्रश्न नाहीत, काही नाही. आमच्या इथले कित्येक जण करतात.

रानवेल
@ठसका, असले सल्ले जाहीर धाग्यावर तरी देऊ नका हो. एन-६४८ हा खऱ्या अपंगत्वासाठी आहे. शारीरिक, मानसिक किंवा बौद्धिक कारणाने माणसाला शिकणंच शक्य नाही आणि ती स्थिती किमान १२ महिने टिकणारी आहे, असं डॉक्टर लिहून देतो, खोटं असल्यास शिक्षेच्या जबाबदारीवर. नुसतं वय झालं, शाळा मराठी होती, ही कारणं त्यात बसत नाहीत. मी दवाखान्यात काम करते, ज्यांना खरंच पक्षाघात झालाय त्यांचेसुद्धा फॉर्म बारकाईने तपासले जातात, ते अशाच लोकांमुळे. आणि ज्या बाईने पोस्टात नोकरी केली, तिला विसरभोळी ठरवायला तुमची जीभ रेटते तरी कशी?

ठसका
बरं बाई, मागे घेतलं. पण व्यवहारात काय चालतं तेवढंच सांगितलं.

जुना_बाज
मी स्वतः सत्तरीचा. गेल्या वर्षी परीक्षा दिली आणि पास झालो. माझी जुनी १०० ची होती, त्यामुळे प्रश्नांबद्दल अधिकारवाणीने काही सांगत नाही. पण आतल्या खोलीत काय होतं ते सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. जो तो आपला "कॉन्स्टिट्यूशनमध्ये किती अमेंडमेंट्स?" घोकतोय. (२७. झोपेतून उठवून विचारा.)

परीक्षा खुर्चीत बसल्यावर सुरू होत नाही. अधिकारी बाहेर येऊन नाव पुकारतो आणि कॉरिडॉरमधून चालता चालता विचारतो, आज कसे आलात, गाडी कोणी चालवली, बाहेर थंडी आहे का. माणूस समजतो गप्पा चालल्यात. गप्पा नव्हेत त्या, तुमचं इंग्रजी बोलणं-समजणं तेव्हापासूनच तो जोखतोय. आत गेल्यावर उभं करून उजवा हात वर करायला लावतो, खरं बोलेन अशी शपथ. तो "प्लीज बी सीटेड" म्हणेपर्यंत बसायचं नाही. मी आधीच बसलो होतो, तो हसला.

मग एन-४००. तुमचाच अर्ज, तुमच्याच समोर, ओळीओळीने. नाव, पत्ता, नोकरी, लग्न, मुलं, गेल्या पाच वर्षांतले परदेश प्रवास. त्यानंतर "हॅव यू एव्हर" ची माळ सुरू होते. कम्युनिस्ट पक्षात होता का, कर बुडवला का, कधी अटक झाली का, अमेरिकन नागरिक असल्याचं खोटं सांगितलं का, मतदान केलं का. सगळ्याला "नो". दोन-तीन मिनिटं नो, नो, नो म्हणत माणूस गुंगीत जातो. आणि मग त्याच चालीत येतं, "डू यू सपोर्ट द कॉन्स्टिट्यूशन?" तिथे "येस" हवं. शपथ घ्यायला तयार आहात का? येस. कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का? येस. आमच्या बॅचमधल्या एका गृहस्थांनी इथेही दणक्यात "नो" ठोकला होता. अधिकारी भला होता, त्याने पुन्हा सावकाश विचारलं.

त्यामुळे मुक्ता, माझं मत विचारशील तर वेळेचा मोठा हिस्सा अर्जावर घाल. अर्जाची प्रिंट काढ, तू अधिकारी हो, आई अर्जदार. नागरिकशास्त्र जेवणानंतरही होतं.

पाटीपेन्सिल
जुना_बाज काकांचा प्रतिसाद सोन्यासारखा. पण शेवटच्या वाक्याशी असहमत. जुन्या परीक्षेत "जेवणानंतर" चालून गेलं असेल. नवीत प्रश्न वाढलेत आणि काही कठीणही झालेत. आधी मूळ १३ राज्यांपैकी तीन सांगा म्हणायचे, आता पाच सांगा म्हणतात. "इलेक्टोरल कॉलेज महत्त्वाचं का?" असा प्रश्न आहे, तिथे एका शब्दात भागत नाही. अध्यक्षाला दोनच टर्म का? सुप्रीम कोर्टात निकालाला साधारण किती न्यायाधीश लागतात? (नवांपैकी पाच.) ६६ व्या वर्षी हे सगळं परक्या भाषेत तोंडी सांगायचं म्हणजे चेष्टा नाही.

जुना_बाज
@पाटीपेन्सिल, मान्य. पण बघ, प्रश्नांची यादी छापील आहे, उत्तरं छापील आहेत. "हाऊ लाँग हॅव यू लिव्ड अ‍ॅट धिस अ‍ॅड्रेस?" याचं उत्तर कुठे छापलंय?

मुक्ता_के
सगळ्यांचे आभार. म्हणजे १२८ नक्की. कालच बसलो. आईला "व्हेन डिड यू बिकम अ पर्मनंट रेसिडेंट" विचारलं तर तिने मराठीत मला संपूर्ण प्रवास सांगितला, विमान कसं चुकलं इथपर्यंत. 😀 तारीख मात्र नाही सांगितली.

वाचन-लेखनाचं काय? ते कितपत कडक असतं?

कैरीपन्हं
ते सगळ्यात सोपं, पहिल्या दोन दिवसांत उरकून टाका. वाचायला तीन वाक्यं मिळतात, त्यातलं एक नीट वाचलं की झालं. लिहायलाही तीन, एक नीट लिहिलं की झालं. पहिलंच जमलं तर पुढची देतच नाहीत. दोन्हीसाठी ठरावीक शब्दांच्या याद्या साइटवर आहेत. वॉशिंग्टन, लिंकन, काँग्रेस, फ्लॅग, थँक्सगिव्हिंग, महिने, काही राज्यं, असं सगळं.

किरकोळ स्पेलिंग चुकलं तरी अर्थ कळत असेल तर चालतं. मात्र ऐकलेल्या शब्दाचं संक्षिप्त रूप चालत नाही. "युनायटेड स्टेट्स" सांगितलं तर पूर्ण लिहायचं, दोन अक्षरांत नाही. बँकेत, पोस्टात आयुष्य गेलेल्यांना आखूड लिहायची सवय असते, ती तेवढ्यापुरती मोडा.

अजून एक. बऱ्याच ठिकाणी लिहायला कागद नसतो, टॅब्लेटवर स्टायलसने लिहावं लागतं. माझ्या सासूबाईंचं अक्षर मोत्यासारखं, पण त्या काचेवर पेन सटासट घसरायला लागलं आणि "व्होट" मधला एक ओ स्क्रीनच्या बाहेर गेला. घरी टॅब असेल तर त्यावर रोज दोन वाक्यं लिहून घ्या. हाताचा तळवा टेकला की मध्येच रेघ उमटते, तीही सवय होते.

डबा_ऐसपैस
पोस्टातल्या काकूंना टपाल तिकिटाएवढ्या जागेत सही करायची सवय असेल, स्क्रीन पुरून उरेल.

आकडेमोड
थोडं हिशोबाने बघू. २० पैकी १२ म्हणजे ६० टक्के. याचा अर्थ १२८ पैकी सगळे यायलाच हवेत असं नाही. शंभराच्या आसपास पक्के असतील तर नापास होण्याची शक्यता अगदीच थोडी. दुसरं, ज्या प्रश्नांना पाच-सहा उत्तरं छापलेली आहेत तिथे बहुतेक वेळा एकच सांगायचं असतं. आईंना जे उच्चारायला सोपं, तेवढंच ठेवा, बाकीच्यांवर चक्क काट मारा. फेडरलिस्ट पेपर्सचे लेखक? मॅडिसन, हॅमिल्टन, जे. त्यात "जे" सगळ्यात आखूड. देशाची सेवा करायचा एक मार्ग? "व्होट". उत्तराला वाक्याची गरज नाही, शब्द पुरतो. नंतर जे वीस-पंचवीस डोक्यात बसतच नाहीत ते खुशाल ऑप्शनला टाका.

शिस्तीत_रहा
@आकडेमोड, हिशोब ठीक आहे हो, पण पहिल्याच दिवशी "ऑप्शनला टाका" सांगितलं की माणूस सोपे प्रश्नसुद्धा टाकतो. आमच्या तीर्थरूपांनी सगळी युद्धं ऑप्शनला टाकली होती. विचारताना नेमकी दोन युद्धं आली. आधी सगळे एकदा फिरवा, मग शेवटच्या आठवड्यात ठरवा काय सोडायचं ते.

पाटीपेन्सिल
युद्धं सोडू नका, ती गोष्टीसारखी सांगा. मी शाळेत इतिहास शिकवायचे, माझ्या वहिनीची तयारी मीच घेतली. यादीतल्या क्रमाने घोकलं की सगळी सरमिसळ होते, म्हणून आम्ही मराठीत एक सलग गोष्ट केली. इंग्लंडचा राजा कर लावतो पण पार्लमेंटमध्ये यांना विचारत नाही, म्हणून १३ वसाहती चिडतात. १७७६ च्या ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, तो मुख्यत्वे जेफरसनने लिहिला. लढाई जिंकतात, सेनापती वॉशिंग्टन. मग प्रश्न येतो की घर चालवायचं कसं, म्हणून १७८७ मध्ये राज्यघटना. ती मंजूर व्हावी म्हणून लेख लिहिले जातात, ते तुमचे फेडरलिस्ट पेपर्स. वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा भला थोरला मुलूख विकत घेतात. गुलामगिरीवरून घर फुटतं, १८६१ ते १८६५ यादवी, अध्यक्ष लिंकन. युद्ध संपतं त्याच वर्षी १३ वी दुरुस्ती, गुलामगिरी बंद. १९२० ला १९ वी, बायकांना मत. इथे वहिनी म्हणाली, "एवढा उशीर?" तो प्रश्न ती परत कधी विसरली नाही.

गोष्ट मराठीत, उत्तर इंग्रजीत. गोष्ट डोक्यात असेल तर प्रश्नाचे शब्द थोडे पुढेमागे झाले तरी माणूस गडबडत नाही. नुसती घोकंपट्टी केली की "हू" च्या जागी "व्हेन" ऐकलं तरी तेच पाठ उत्तर बाहेर पडतं.

मुक्ता_के
@पाटीपेन्सिल, ही युक्ती आजच सुरू केली. आईला बेंजामिन फ्रँकलिन एकदम आवडला! तो कशासाठी प्रसिद्ध याच्या उत्तरांत "फर्स्ट पोस्टमास्टर जनरल" आहे. "अरे, हा तर आमचा साहेब निघाला," म्हणाली. ते उत्तर आता माझ्या मुलाला, नवऱ्याला, शेजारणीला, सगळ्यांना सांगून झालंय.

अडलंय ते "नावं" वाल्या प्रश्नांत. गव्हर्नर, सिनेटर वगैरे.

अटकेपार
ती नावं यादीत छापलेली नसतात, कारण राज्यागणिक वेगळी. तुमच्या राज्याचा गव्हर्नर, दोन सिनेटरपैकी एक, राज्याची राजधानी, आणि तुमच्या मतदारसंघाचा हाउसमधला (काँग्रेसच्या खालच्या सभागृहातला) प्रतिनिधी. प्रतिनिधी हाउसच्या साइटवर झिप कोड टाकून सापडतो. एका झिपमध्ये दोन मतदारसंघ येत असतील तर पूर्ण पत्ता टाका. अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्पीकर, सरन्यायाधीश यांची नावं मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. मुलाखतीच्या दिवशी जो पदावर असेल तोच बरोबर.

भटका_जीव
सगळं वाचलं. रागावू नका, पण एक विचारू? सहासष्टाव्या वर्षी त्या माऊलीला परीक्षेला का बसवताय? ग्रीन कार्डावर राहता येत नाही का? आपला पासपोर्ट सोडायचा म्हणजे काही साधी गोष्ट नाही. जन्मभर ज्या देशात पोस्टाची पत्रं वाटली त्या देशाची नागरिक नाही म्हणून सांगायचं?

रानवेल
@भटका_जीव, ग्रीन कार्डावर सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठीच्या वास्तव्याचा प्रश्न उभा राहतो, आणि वर्षाच्या वर राहिलं तर परत येताना कार्डच धोक्यात येतं. म्हाताऱ्या माणसांना तिकडे भावाबहिणींकडे मनमुराद राहायचं असतं. नागरिकत्व घेतलं की ती टांगती तलवार जाते. कित्येक जण भारतात जास्त राहता यावं म्हणूनच अमेरिकन होतात, उलटं वाटतं पण तसंच आहे.

भटका_जीव
हे माहीत नव्हतं. तरीही मन मानत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) म्हणजे काही नागरिकत्व नव्हे. मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

ठसका
शेतजमीन सातबाऱ्यावर आधीच असेल तर?

गोदाकाठ
ओसीआयला शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आलेल्याचा विषय वेगळा आणि मोठा आहे, त्यासाठी वकील गाठा. इथे सुरू झालात तर मुक्ताची आई मुलाखत देऊन परत येईल तरी तुमचं संपणार नाही.

भटका_जीव
माझे वडील १९९८ पासून इथे आहेत. अजून भारतीय पासपोर्टवर. दर दहा वर्षांनी ग्रीन कार्ड नवं करतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, "बघू पुढच्या खेपेला." त्यांना मी काही बोलत नाही. म्हणून विचारलं, दुखवायचा हेतू नव्हता.

मुक्ता_के
नाही हो, दुखावले नाही. आईलाही हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "तिकडे बहिणीकडे हवं तितकं राहायला मिळणार ना? मग घाला मला परीक्षेला."

संपादक
दुहेरी नागरिकत्व, ओसीआय आणि शेतजमीन यांवर वेगळा धागा काढावा. इथे कृपया परीक्षेच्या तयारीवरच.

सुमेध_वा
संपादकांशी सहमत. मुक्ता, बरोबर कागद काय न्यायचे ते कोणी सांगितलंच नाही. मुलाखतीचं पत्र, ग्रीन कार्ड, राज्याचं ओळखपत्र, पासपोर्ट जुने-नवे सगळे. अर्ज भरल्यानंतर भारतात जाऊन आली असेल तर ती तारीख लिहून ने. त्यांनी "अर्जानंतर काही बदललं का?" विचारलं तर सांगता आलं पाहिजे. काकांच्या वेळी इथेच गाडी अडली होती. जाऊन आले, आणि सांगितलं "नो चेंज".

मुक्ता_के
@सुमेध, हे फार बरं झालं सांगितलंस. जानेवारीत मावशीकडे जाऊन आली ती. नोंद करून ठेवते.

एक शंका. फारच कच्चं वाटलं तर तारीख पुढे ढकलता येते का?

अटकेपार
विनंती करता येते, पण तयारी नाही म्हणून करू नका. नवी तारीख कधी येईल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा जाऊन बसलेलं बरं, कारण पहिल्या वेळी नापास झालं तरी अर्ज बाद होत नाही. जो भाग राहिला तेवढ्याचीच पुन्हा परीक्षा, ६० ते ९० दिवसांच्या आत. वाचन, लेखन, प्रश्न झाले आणि बोलणं राहिलं तर फक्त बोलणं. दुसऱ्यांदाही राहिलं तर मात्र अर्ज नाकारतात, मग नव्याने अर्ज आणि नव्याने फी. ऑनलाइनला ७१० डॉलर.

आकडेमोड
म्हणजे ७१० डॉलरमध्ये दोन अटेम्प्ट. एटीकेटी आहे तर!

जुना_बाज
मुक्ता, एकच सांगायचं राहिलं. प्रश्न कळला नाही तर गप्प बसायचं नाही आणि अंदाजाने "येस"ही म्हणायचं नाही. "कॅन यू प्लीज रिपीट?" हे वाक्य आईच्या तोंडात बसव. ते विचारल्याचे मार्क कापत नाहीत. उलट त्याला कळतं की बाई ऐकतेय. आणि तालमीला तू एकटी बसू नकोस. तुझा आवाज तिच्या ओळखीचा आहे, तू अर्धं वाक्य बोललीस तरी तिला कळतं. शेजारी कोणी अमेरिकन असेल त्यांना बसव. माझ्या सुनेने पलीकडच्या निवृत्त ट्रक ड्रायव्हरला पकडून आणलं होतं. त्याचं एक अक्षर कळायचं नाही पहिल्यांदा. तिथला अधिकारी त्यापुढे आकाशवाणीचा निवेदक वाटला.

मुक्ता_के
शेजारीण तयार झाली आहे! फ्रँकलिनवाली. रोज संध्याकाळी येते, आई तिला चहा देते आणि ती आईला "हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड" विचारते.

कैरीपन्हं
😂😂 वाचनखूण साठवली.

डबा_ऐसपैस
काय झालं पुढे? धागा वर काढतोय. महिना होत आला.

मुक्ता_के
क्षमस्व, घरात पाहुणे होते. झाली मुलाखत, पास झाली! १२ बरोबर झाल्यावर थांबले, तीन चुकले. चुकले त्यातला एक चक्क "गव्हर्नर कोण", कारण तिने सिनेटरचं नाव सांगितलं. मूळ राज्यांतली पाच विचारली, ती तिने आपल्या जुन्या पद्धतीने एका दमात सांगितली, पिनकोड म्हणावेत तशी. फ्रँकलिन विचारलाच नाही, त्यावर अजून नाराज आहे.

जुना_बाज काका, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. सगळ्यात जास्त वेळ अर्जावरच गेला. जानेवारीच्या प्रवासावर दोन-तीन उपप्रश्न आले. कोणाकडे राहिलात, किती दिवस. "माय सिस्टर, शी इज ओल्ड" एवढं म्हणाली, पुरलं. कॅन यू प्लीज रिपीट दोनदा वापरलं. "सपोर्ट द कॉन्स्टिट्यूशन" ला येस. लिहिताना टॅबवर पहिलं वाक्य बिघडलं, दुसरं जमलं.

@पाटीपेन्सिल, गोष्टीची वही जपून ठेवलीय. आता शेजारणीच्या ओळखीतल्या एका बाईंना हवी आहे, त्यांच्यासाठी इंग्रजीत करायला बसलेय.

पाटीपेन्सिल
वा! काकूंचं मनापासून अभिनंदन. इंग्रजी झाली की इथेही टाक.

जुना_बाज
शाब्बास! आईला माझा नमस्कार सांग.

मुक्ता_के
शपथविधीची तारीख आली आहे, पुढच्या महिन्यात. आई लगेच म्हणते, मावशीकडे दिवाळीला जायचं, तिकीट काढ. काढू का?

गोदाकाठ
थांब. शपथविधीला ग्रीन कार्ड जमा करून घेतात आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र देतात. त्या क्षणापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. आधी त्या प्रमाणपत्रावर अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचा दाखला, मग ओसीआय किंवा व्हिसा. प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तपास. चूक असेल तर हॉल सोडायच्या आधी सांग. आणि पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं, तेव्हा आधी त्याची प्रत काढून ठेव. दिवाळीची तिकिटं काढायचीच असतील तर रद्द करता येतील अशी काढ.

डबा_ऐसपैस
काकूंना म्हणावं रजिस्टर एडीने पाठवा. पोचपावती आल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही.